दशांश चिन्हापुढची दोन शून्ये

आम्ही दोघेही मराठीचे. एकाच महाविद्यालयात, एकाच विभागात, समोरासमोरच्या दोन टेबलांवर बसून गेली अनेक वर्षे शिकवत आहोत. गणिताशी आमचा संबंध दहावीनंतर सुटला, आणि तो सुटला याचा दोघांनाही तेव्हा मनापासून आनंद झाला होता. असे असताना या पानावर आम्ही संगणकातील संख्यांविषयी लिहावे, हे नेहमीच्या वाचकांना विचित्र वाटेल. पण ज्या प्रसंगाने आम्हांला या विषयाकडे ढकलले तो वाचनाशी आणि वाचण्यात झालेल्या हयगयीशी संबंधित आहे, म्हणून त्याची जागा इथेच आहे असे आम्हांला वाटते.

प्रसंग काही वर्षांपूर्वीचा. अंतर्गत मूल्यमापनासाठी सत्रात तीन चाचण्या घ्यायच्या, प्रत्येक वीस गुणांची, आणि तिन्हींची सरासरी विद्यापीठाला कळवायची, अशी त्या वेळी आमच्याकडे पद्धत होती. उत्तीर्ण होण्यास वीसपैकी आठ गुण हवेत. सरासरीत अपूर्णांक आला आणि तो अर्धा किंवा अर्ध्याहून अधिक असला तर पुढचा पूर्ण गुण द्यायचा, हा नियम. चौसष्ट मुलांच्या सरासऱ्या हाताने काढण्याचा आम्हांला कंटाळा. संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने सवडीने एक छोटासा प्रोग्रॅम लिहून दिला. गुण भरले, कळ दाबली, आणि चौसष्ट नावांसमोर चौसष्ट सरासऱ्या छापून आल्या, त्याही दशांश चिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत. आम्ही दोघांनी खाली सह्या केल्या.

दोन दिवसांनी एक विद्यार्थिनी विभागात आली. तिचे गुण सात, आठ आणि आठ. सरासरी छापली होती ७.००. ती दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, माझे आठ होतात ना?" आमच्यापैकी एकीने यादी पाहिली आणि सांगितले, की सात आहेत. ती आमच्यापैकी दुसऱ्याकडे वळली. "सर, एकदा बघता का?" सरांनी वर न पाहताच उत्तर दिले, "अगं, संगणकाने काढलेत ते. तो कसा चुकेल?" ती 'बरं' म्हणाली आणि गेली. पुढच्या सत्रात तिने ती चाचणी परत दिली, चांगल्या गुणांनी उत्तीर्णही झाली. पण एका विषयात राहिल्याची नोंद गुणपत्रिकेवर आली ती आलीच.

सात, आठ आणि आठ मिळून तेवीस. तेवीस भागिले तीन म्हणजे सात पूर्णांक दोन-तृतीयांश, दशांशात ७.६७. नियमाप्रमाणे आठ. आमच्या आज्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असत. त्यांतल्या कुणाही बाईने हिशेब ऐकता ऐकताच 'पावणेआठाला थोडे कमी' असे सांगितले असते. आम्ही दोन एम.ए. झालेली माणसे मात्र ७.०० वाचून गप्प बसलो.

चूक शोधली ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सहकाऱ्यानेच, आणि तीही वर्षभराने, वर्गात नेमका हाच धडा शिकवत असताना. ते मधल्या सुट्टीत आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. त्यांनी कागद घेतला आणि आम्हांला समजावून सांगितले. ते सांगणे इतके चांगले होते की आम्ही ते इथे आमच्या शब्दांत मांडण्याचा प्रयत्न करतो.

'सी' या संगणकभाषेत प्रत्येक संख्येला एक प्रकार असतो, जसे आपल्याकडे प्रत्येक नामाला लिंग असते. काही संख्या पूर्णांक प्रकारच्या, काही अपूर्णांक धरून ठेवू शकणाऱ्या. पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच यायचे, बाकी टाकून दिली जायची, असा त्या भाषेचा नियम आहे. तेवीस पूर्णांक, तीन पूर्णांक. म्हणून भागाकार सात, आणि बाकी उरलेले दोन कुठेही न नोंदता संपले. यानंतर तो सात ज्या पात्रात ठेवायचा होता ते पात्र अपूर्णांकाचे होते. आमच्या सहकाऱ्यांनी ते मुद्दाम तसे घेतले होते, की सरासरी बारकाईने यावी. भाषेने तो सात कुणालाही न विचारता अपूर्णांक प्रकारात रूपांतरित केला आणि तो ७.०० झाला. म्हणजे अचूकता आधी गेली आणि अचूकतेचा पोशाख नंतर चढला. नुसते '७' छापून आले असते तर कदाचित आम्हांला शंका आली असती. त्या दोन शून्यांनी आमची खात्री पटवली.

आमची शरम आणखी एका गोष्टीची आहे. ती यादी आम्ही पुन्हा काढून पाहिली. चौसष्ट नावे, प्रत्येकासमोर तीन संख्यांची सरासरी, आणि चौसष्टही सरासऱ्यांच्या शेवटी '.००'. तीन संख्यांची बेरीज दर वेळी तीनने निःशेष भागली जाईल, हे कसे शक्य आहे? ओळीओळींत किती शब्द आले, कोणता शब्द पुन्हा आला, कवीने तो का फिरवला, हे मुलांना दाखवण्यात आमचे आयुष्य जाते. सूक्ष्म वाचन नावाची गोष्ट आम्ही शिकवतो. आणि एका पानावर एकच आकृती चौसष्ट वेळा आलेली असताना ती आम्हांला दिसली नाही, कारण ते पान संगणकातून आले होते आणि ते वाचायचे असते हे आमच्या मनातच आले नाही.

आकडे नव्याने काढले तेव्हा कळले, की वर्गातल्या साधारण एक-तृतीयांश मुलांचा एकेक गुण गेला होता. ज्यांच्या बेरजेत तीनने भागून दोन उरत होते, ते सगळे. त्यांतले कुणीही तक्रार घेऊन आले नव्हते. चौदाचे तेरा झाले, अकराचे दहा झाले, कुणाचे काही अडले नाही. नुकसान झालेले बरेच आणि ते जाणवलेली एकटीच, अशी ही गोष्ट आहे. ती नेमकी आठाच्या उंबरठ्यावर उभी होती म्हणून तिला ठेच लागली.

"दुरुस्ती किती मोठी?" असे आम्ही सहकाऱ्यांना विचारले. त्यांनी कागदावरच्या तीनपुढे एक टिंब दिले आणि त्यापुढे एक शून्य काढले. झाली दुरुस्ती. तीनऐवजी ३.० लिहिले की भाजक अपूर्णांक प्रकारचा होतो, मग तेवीसही भागाकारापूर्वीच निमूटपणे अपूर्णांक होतात आणि उत्तर ७.६७ येते. म्हणजे जे न सांगता होणारे रूपांतर एका जागी तिच्या मुळावर आले, तेच चार अक्षरे अलीकडे झाले असते तर तिला तारून गेले असते. तेव्हा अशा रूपांतराला सरसकट खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. ते सोयीसाठी आलेले आहे. प्रत्येक बेरजेच्या वेळी 'याचे त्यात रूपांतर करू का' असे यंत्र विचारत राहिले असते, तर कुणी प्रोग्रॅम लिहायलाच बसले नसते. अडचण एवढीच, की सोय कुठे संपते आणि तोटा कुठे सुरू होतो ते यंत्र सांगत नाही, आणि दोन्ही ठिकाणी त्याचा चेहरा सारखाच निर्विकार असतो.

त्या दिवसापासून या विषयाने आमची पाठ सोडली नाही. जमेल तसे वाचत गेलो, न समजले ते सहकाऱ्यांना विचारत गेलो. सगळ्यांत चकित केले ते एका साध्या गोष्टीने. संगणकात अपूर्णांक ठेवण्याचा 'फ्लोट' नावाचा एक प्रकार आहे. त्यात अतिप्रचंड संख्या मावतात, पण त्यातील अर्थपूर्ण अंकांना चोवीस द्विमान स्थळांची मर्यादा आहे, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत साधारण सात अंक. एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा ही संख्या त्यात बरोबर बसते. तिच्यात एक मिळवा. उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६. आणखी एक मिळवा, तरी तेच. मोजणारा मोजत राहतो आणि मोजणी जागची हलत नाही. जावा या भाषेत पूर्णांकाचे फ्लोटमध्ये होणारे रूपांतर 'रुंदावणाऱ्या' रूपांतरांत गणले आहे, आणि म्हणून त्याला वेगळी परवानगी लागत नाही. नाव खोटे नाही, कारण आवाका खरेच रुंदावतो. पण रुंदावताना शेवटचा अंक गळून पडू शकतो, असे त्या भाषेच्या अधिकृत विवरणातच म्हटलेले आहे. 'सुमारे दीड कोटी' म्हणणारा माणूस आणि दाराशी उभे राहून एकेक डोके मोजणारा माणूस यांच्यातला हा फरक आहे. पहिल्याची झेप मोठी, पण ओळीतली शेवटची व्यक्ती त्याला दिसत नाही.

ही केवळ पुस्तकी कुतूहले नव्हेत. कॅनडातील व्हँकूव्हरच्या शेअरबाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० या आकड्यापासून एक निर्देशांक सुरू केला. दर व्यवहारानंतर तो नव्याने काढला जाई आणि तीन दशांश स्थळांपुढचे अंक, जवळच्या अंकात न बसवता, सरळ कापून टाकले जात. प्रत्येक वेळी जाणारी रक्कम एकाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पण कापणे नेहमी एकाच दिशेने, खाली. नोव्हेंबर १९८३ पर्यंत निर्देशांक ५२४ च्या घरात उतरला होता. हिशेब नव्याने केल्यावर खरा आकडा १०९८ च्या पुढे निघाला. बाजार वर चालला होता आणि फलक जवळजवळ दोन वर्षे त्याला खाली उतरताना दाखवत होता.

दुसरे उदाहरण याहून जड आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील दहरान येथे एका स्कड क्षेपणास्त्राने अमेरिकी सैनिकांच्या निवाऱ्यावर आघात केला आणि २८ सैनिक मारले गेले. तिथल्या पेट्रियट यंत्रणेने ते अडवायला हवे होते. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दशांशांत पूर्णांकाने मोजत असे, आणि सेकंद काढण्यासाठी त्या आकड्याला एक-दशांशाने गुणत असे. आता एक-दशांश ही संख्या आपल्याला सोपी, पण द्विमान पद्धतीत ती कधीच संपत नाही, जसे आपल्याकडे एक-तृतीयांश लिहायला बसलो की तिनांमागून तीन येत राहतात. चोवीस स्थळांवर ती छाटली होती. यंत्रणा शंभरेक तास सलग चालू होती. तेवढ्या काळात साचलेली चूक सुमारे ०.३४ सेकंद. त्या वेगाच्या क्षेपणास्त्रासाठी तेवढ्या क्षणात अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर जाते, आणि यंत्रणा त्याला आकाशात चुकीच्या जागी शोधत राहिली.

या दोन्ही घटनांपुढे आमच्या विद्यार्थिनीचा एक गुण ठेवणे बरोबर नाही, हे आम्हांला कळते. पण तिन्हींत एक धागा समान आहे. कुठेही यंत्र थांबले नाही, लाल दिवा लागला नाही, कुणाला काही सांगितले गेले नाही.

भाषेची माणसे म्हणून आम्ही या गोष्टीकडे आमच्या बाजूनेही पाहिले. व्याकरणात गळण्याला मोठे मानाचे स्थान आहे. तिथे त्याला 'लोप' म्हणतात, आणि तो नियमाने होतो. पाणिनीच्या व्याकरणात तर अशी सोय आहे, की प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याच्यामुळे होणारे कार्य मागे उरते. दिसेनासे झालेलेही आपला हक्क राखून असते. संगणकातील त्या भागाकाराची बाकी अशी नाही. ती गेल्यावर सात हा केवळ सात असतो. तो एकविसातून आला, बाविसातून आला की तेविसातून, हे सातला विचारून कळत नाही.

आपल्या लेखनातही असे झाले आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि उच्चारात न उरलेले अनुस्वार गेले. पूर्वी 'तें आलें' म्हणजे एखादे मूल आले, आणि 'ते आले' म्हणजे अनेक पुरुष आले, हा भेद टिंबावर उभा होता. आता दोन्ही 'ते आले'. इथेही तोटा झालाच. पण तो चर्चा होऊन, वाद होऊन, नियम छापून झाला. नियमापूर्वीचे पुस्तक कोणते आणि नंतरचे कोणते हे आपल्याला ठाऊक असते. त्याआधी १ एप्रिल १९५७ रोजी आणे जाऊन नवे पैसे आले तेव्हा एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे, आणि पाव पैशाचे नाणे तर नव्हते. म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस नवे पैसे, असा तक्ता सरकारने जाहीर केला. एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा आणि एकदम घेतल्या तर एकोणीस. तिथे तोटा कुणाच्या पदरात पडतो ते तक्त्यात उघड दिसत होते, आणि ज्याला भांडायचे त्याला भांडता येत होते.

याउलट, आमच्यापैकी एकाचा जुना प्रबंध काही वर्षांपूर्वी एका जुन्या टंकातून युनिकोडमध्ये नेला, तेव्हाची गोष्ट. रूपांतर क्षणात झाले, एकही अडथळा नाही. पाने चाळली तर अक्षरे स्वच्छ. पुढे एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, डोंगरातल्या कवितेत समुद्र कुठून आला?" पाहिले तर सगळ्या 'दऱ्या' 'दर्या' होऊन बसल्या होत्या. मराठीचा तो खास आडवा रफार त्या रूपांतरात नव्हताच, म्हणून त्याने जवळचे जे होते ते घातले. लग्नघरात आचाऱ्यांना बोलावण्याऐवजी आचार्यांना बोलावणे जावे, तसा प्रकार. ही चूक निदान हसू आणते, म्हणून सापडते. न हसवणाऱ्या किती राहून गेल्या असतील, याचा हिशेब आम्ही लावू शकत नाही.

यावर उपाय आहेत, आणि ते संगणकवाल्यांनी केव्हाचे शोधले आहेत. एडा किंवा रस्ट यांसारख्या भाषा एका प्रकारच्या संख्येचे दुसऱ्या प्रकारात आपण होऊन रूपांतर करतच नाहीत. ज्याला हवे त्याने ते स्वतः लिहून द्यावे लागते. लिहून दिले म्हणून चूक टळते असे नाही, पण कुणीतरी तिथे थांबून विचार केला होता किंवा करायला हवा होता, याची खूण ओळीत राहते. 'सी'मध्येही मागितली तर सूचना मिळते. मात्र जीसीसी या प्रसिद्ध भाषांतरक प्रणालीत, सर्वसाधारण सूचना सुरू केल्या तरी रूपांतराची सूचना त्यांत धरलेली नसते, ती वेगळ्याने मागावी लागते. हे ऐकल्यावर आम्हांला आमचे 'वर न पाहता दिलेले' उत्तर आठवले. तिने सूचना दिली होती. न मागता दिली होती.

आणि याच ठिकाणी, सहकाऱ्यांच्या प्रोग्रॅमवर बोट ठेवून आम्हांला मोकळे होता येत नाही. त्या यादीतल्या सात, आठ आणि आठ या संख्या आल्या कुठून? तिने लिहिलेल्या उत्तरांतून. तिसऱ्या चाचणीत तिने एका कथेतल्या गप्प राहणाऱ्या सासूविषयी लिहिले होते, की ती बोलत नाही कारण तिला ऐकणारे कुणी आहे असा तिचा अनुभव नाही. वाक्य मोडके होते, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले होते, पण विचार वर्गात कुणीच न मांडलेला. आम्ही उत्तर वाचले, थोडे थबकलो, आणि आठ लिहिले. साडेआठ द्यावेत असे मनात आले होते. अर्धा गुण देण्याची पद्धत नाही म्हणून तो गिळला. म्हणजे पहिले रूपांतर आमच्या लाल पेनाने केले होते आणि तेही तितकेच निमूट होते. यंत्राने फक्त आमची सवय पुढे चालवली.

गुण तर द्यावेच लागतात. माणसाचे लिहिणे आकड्यात बसवल्याशिवाय परीक्षा चालत नाही, आणि परीक्षा बंद करा असे सांगणाऱ्यांतले आम्ही नाही. आम्ही एवढेच करू लागलो आहोत, की सरासरीशेजारी बेरीज लिहितो, म्हणजे बाकी कुणालाही काढता येते. उत्तरपत्रिकेच्या समासात, आकड्यात न मावलेली गोष्ट एका ओळीत नोंदवतो. आणि गुणांविषयी विचारायला कुणी आले, तर त्याच्यादेखत भागाकार करतो.

गेल्या वर्षी ती विभागात आली होती, कसल्याशा दाखल्यासाठी. आता तीही एका शाळेत मराठी शिकवते. आम्ही तिला बसवले, चहा मागवला आणि सगळे सांगितले. तेवीस, तीन, बाकी दोन, टिंब आणि शून्य. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मला माहीत होतं, सर. मी त्याच दिवशी घरी भागाकार करून पाहिला होता."

"मग परत का नाही आलीस?" आमच्यापैकी एकीने विचारले.

"मॅडम, तुम्ही दोघांनी सही केली होती ना," ती म्हणाली.